निव्वळ वजन

बत्तीस वर्षं मी भुसावळच्या पार्सल ऑफिसात
माल तोलला.
केळीचे घड, कापडाचे गठ्ठे, बर्फातली मासळी,
एकदा कोणाच्या तरी लग्नाचं पितळी घंगाळ.
कोठून, कोठे, पाठवणार, घेणार.
चार रकाने भरले की माझं काम संपायचं.

आता दर मंगळवारी पुलाखालच्या पत्र्याच्या खोलीत
मुलं तोलतो.
हमीदा तडवी सिस्टर पिशवीतून काढते
खरजेचं मलम, लोहाच्या गोळ्या, कापसाचा बोळा
आणि आधी सगळ्यांना हात धुवायला लावते.
मे महिन्यात नळाचं पाणीसुद्धा चटका देतं.
मुलं ओरडतात. सिस्टर हसत नाही.

वहीत रकाने थोडेफार तेच.
कोठून: गाडीतून.
पत्ता: टाकीमागे. बदलत असतो.
'पालक' या रकान्यात पहिल्या वर्षी मी रेघ मारायचो.
मग जिल्हा रुग्णालयातल्या बाई म्हणाल्या,
रेघेला आम्ही दाखल करून घेऊ शकत नाही.
तेव्हापासून तिथे माझी सही आहे,
एकोणीस वेळा.
घरी बायको विचारते, आज किती झाली?

भटू शिरपूरकडचा. अकरा की बारा, त्यालाही नक्की नाही.
रात्री खोकला, संध्याकाळी अंग कढत,
रुमालाला सोल्युशनचा वास.
बेडक्याची डबी दोनदा तपासून आली
आणि सिस्टरने सहा महिन्यांचं कार्ड
त्याच्या हातात न देता माझ्या खणात ठेवलं.
रोज सकाळी उस्मानच्या चहागाडीवर गोळ्या.
समोर गिळायच्या, मग चहा, मग बिस्किट.
उस्मान म्हणाला, आधी बिस्किट,
रिकाम्या पोटी ढवळतं पोराला.
या वादात सिस्टर हरली.

दुसऱ्या महिन्यात काट्यावर उभा राहिला:
सव्वीस किलो सहाशे.
पंधरा दिवसांत अडीच किलो!
सिस्टर खूश. पंचवीसच्या वर गोळी वाढते,
तिने पाकीट बदलायला घेतलंसुद्धा.
पण मी व्यापाऱ्यांची ओली गोणपाटं पाहिली आहेत,
टोपलीच्या तळाशी लपवलेली वीट पाहिली आहे.
काटा खोटं बोलत नाही, माल बोलतो.
बाकीच्यांना बाहेर पाठवलं.
म्हटलं, भटू, खिसे.

रुळांमधली गिट्टी, सात खडे.
एक बोल्ट.
साबणाची अर्धी वडी, सिस्टरचीच.

"हलक्या पोऱ्यास्ले जळगावले धाडतस," तो म्हणाला.
"माले नका धाडू. मी आठेच बरा शे."

बरा नव्हता. ते मी बोललो नाही.
रिकाम्या टोपलीचं वजन कसं वजा करतात
तेवढा हिशेब सांगितला.
एकूण. वजा. निव्वळ.
चोवीस किलो तीनशे.
गोळी चोवीसचीच खायची, जास्तीची खाशील
तर डोळे पिवळे होतील.
धाडायचं की नाही हे माझ्या हातात नाही,
हेही सांगितलं.
त्याने गिट्टी मोजून परत घेतली.
बोल्ट मला दिला. तो अजून वहीवर आहे,
गाडी गेली की पानं उडतात म्हणून.

चौथ्या महिन्यात एका सकाळी
उस्मानच्या गाडीवर बिस्किट दुपारपर्यंत तसंच.
रात्री टाकीमागून सगळ्यांना हुसकलं होतं.
मी इटारसीला फोन लावला, मग खंडव्याला,
तिथेही मुलांची अशीच एक खोली आहे.
जुनी सवय, बोललो तेही चुकलेल्या पार्सलासारखं:
मुलगा एक. डाव्या भुवईवर खूण. खोकला कमी.
गोळ्या शिल्लक एकसष्ट.
पाठवणार मी.

पलीकडची बाई जरा थांबली.
आहे इथे, म्हणाली. कालच आलाय, झोपलाय.
पण काय हो,
याच्या खिशात एवढे दगड कशाला?

म्हटलं, असू द्या.
तोलताना वजा करा.